विझलेल्या आगीचा इतिहास

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली, तो गृहस्थ मोठा खट्याळ असला पाहिजे. आग एका गावी, बंब दुसऱ्या गावी, आणि मधल्यामध्ये बंबवाल्यांची फजिती. एवढा सगळा प्रसंग त्याने एका ओळीत बसवून टाकला. सरकारी कचेरीपासून स्वयंपाकघरापर्यंत ही म्हण कोठेही चालते आणि प्रत्येक ठिकाणी ती अगदी जागच्या जागी बसते!

मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे ही म्हण कानावर पडली, की तिच्यातल्या 'बंब' या शब्दाशी मी थोडा रेंगाळतो. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात. तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरून 'बंब' झाला, असे मानतात. मराठी मुलखात आल्यावर त्याने दोन संसार थाटले. एक बंब घरात राहिला. तो तांब्याचा, पोटात निखारे आणि भोवती पाणी. नरकचतुर्दशीच्या पहाटे साऱ्या घराला ऊन पाणी पुरविणारा. दुसरा बंब रस्त्यावर धावू लागला. तो लाल रंगाचा. पोटात पाणी घेऊन निखाऱ्यांकडे जाणारा. पहिल्याला आपण दिवाळीच्या आधी चिंच लावून घासतो, लख्ख करतो. दुसऱ्याची आठवण मात्र दोनच वेळी होते: आग लागल्यावर, आणि तो चुकून सोमेश्वरी गेल्यावर.

बंब वेळेवर रामेश्वरी पोचला, आग विझली, माणसे वाचली, असे किती वेळा झाले असेल! पण त्याची म्हण झाली नाही. भाषेने फजिती तेवढी लक्षात ठेवली. भाषेचेच कशाला, आपल्या इतिहासाचेही तसेच आहे. लढाया, तह, राज्यारोहणे यांच्या तारखा शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण आपल्या गावाला मोठी आग कधी लागली होती, ती कशाने लागली, ती विझवायला कोण धावले, असे विचारले तर घरातले आजोबाही क्षणभर घुटमळतील.

याला कारणही आहे. आग विझविण्याचा इतिहास हा स्वतःलाच पुसून टाकणारा इतिहास आहे. आग वेळेवर विझली तर दाखवायला काहीच उरत नाही. भिंतीवर थोडे काळे डाग, तेही पुढच्या दिवाळीच्या रंगात झाकले जातात. आणि आग विझली नाही, तर ज्या कागदांवर तिची हकिकत लिहायची ते कागदही तिच्याबरोबर जातात. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. आतले लाकडी मजले आणि महाल सारे गेले. आज आपण तेथे तटबंदी, दरवाजे आणि जोती पाहतो. त्या दिवसांत कोणी घागरींनी पाणी ओतले असेल, कोणी जळत्या तुळया ओढून काढल्या असतील. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? वाडा ज्यांनी बांधला ते इतिहासात आहेत, वाडा वाचवायला जे धावले ते नाहीत.

मुंबईची हकिकत थोडी बरी आहे, कारण तेथे आगीने लवकरच नोंदवही उघडायला लावली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या आत प्रचंड आग लागली आणि दाट वस्तीचा बाजार खाक झाला. १८५५ साली आग विझविण्याचे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून आले. १८८७ साली ते नगरपालिकेकडे गेले. घोडे जुंपलेले बंब घंटा वाजवीत धावू लागले, आणि १९०७ साली पहिला मोटारबंब आला. या पितळी घंटा, हातपंप, चामडी नळ्या आणि लाकडी शिड्या जपून ठेवाव्यात, त्या लोकांना पाहता याव्यात, ही कल्पना आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्राला जोडून असे एक संग्रहालय उभे राहिले आणि त्याला केशवरावांचे, म्हणजे कै. केशवराव जगताप यांचे, नाव देण्यात आले.

आता कोणी म्हणेल, जुना बंब रंगवून काचेमागे ठेवला म्हणजे काय मोठे साधले? मुले येतील, घंटा वाजवून पाहतील, घरी जातील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका शिरस्त्राणात सापडते. एकोणिसाव्या शतकात लंडनचे अग्निशामक चकचकीत पितळी शिरस्त्राण घालीत. मोठे रुबाबदार दिसे ते. पुढे घरोघर वीज आली, आणि लोंबत्या तारेखाली डोक्यावर पितळ घेऊन जाणे म्हणजे मृत्यूला आवतण देणे, हे ध्यानात आले. १९३० नंतरच्या दशकात पितळ जाऊन विजेला अडविणारे शिरस्त्राण आले. पितळेचा तो टोप नुसता पाहिला तर ती शोभेची वस्तू. तो का टाकला गेला हे कळले तर तो धडा. संग्रहालयाने वस्तूबरोबर हा 'का' जपायचा असतो. कारण अग्निशमनाच्या विद्येतला जवळजवळ प्रत्येक नियम कोणाच्या तरी भाजलेल्या हातांनी लिहिलेला आहे.

आणि हा 'का' प्रत्येक गावाचा वेगळा असतो. जेथे जे साठविले जाते, तेथे ते पेटते. कोकणात गवताची छपरे पेटतील, भिवंडीत गोदामे, मुंबईत उंच इमारती. आमच्या वर्धा जिल्ह्यात काय साठविले जाते? दोन गोष्टी: कापूस आणि दारूगोळा.

कापूस आधीचा. १८६२ साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला, आणि १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविले गेले. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. तिकडचा कापूस अडल्यामुळे विलायतेच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा सातासमुद्रापलीकडे पोचलेले होते. रेल्वे आली, मग जिन आले, प्रेस आले, सूतगिरण्या आल्या.

कापसाची आग म्हणजे काय, हे ज्याने जिनमध्ये काम केले आहे त्यालाच पुसावे. शेतातून आलेल्या कापसात एखादा खडा, एखादा खिळा राहून जातो. रेच्यात तो लोखंडावर घासतो, ठिणगी उडते, आणि पिंजलेल्या रुईवरून आग वाऱ्यासारखी पळत जाते. ही दिसणारी आग. हिच्यावर पाणी मारता येते. खरी कसोटी गाठीतल्या आगीची. १७० किलोची दाबलेली गाठ बाहेरून ओली केली, तरी पाणी फार आत शिरत नाही. धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेवर आतला निखारा जगत राहतो. वरून सारे शांत, आत धुमसणे चालूच. आज विझली म्हणून परत गेलेल्या बंबाला चार दिवसांनी पुन्हा वर्दी येते. म्हणून जाणते लोक जळालेल्या गाठी उघड्यावर नेतात, पट्ट्या तोडून त्या फोडतात, रुई पसरून भिजवितात आणि पहारा ठेवतात. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेला असताना, तोंडाशी धूर आणि पायाशी वाफ घेऊन हे काम करायचे असते. ही विद्या अनुभवी माणसांच्या हातांत राहते, आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर घरी जाते.

कापसाची ही खोड साऱ्या जगाने पैसे मोजून, आणि माणसे गमावून, ओळखली आहे. जेम्स ब्रेडवुड हा एडिंबरोचा गृहस्थ. १८२४ साली तेथे नगरपालिकेचे अग्निशमन दल उभारले गेले, तेव्हा वयाच्या चोविसाव्या वर्षी तो त्याचा प्रमुख झाला. पुढे लंडनला आला. २२ जून १८६१ रोजी थेम्सच्या काठावरच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. आत ताग होता, साखर होती, आणि कापूस होता. गोदामांमध्ये आग अडविण्यासाठी लोखंडी दारे बसविलेली होती. पण ती उघडीच राहिली होती! ब्रेडवुड आपल्या माणसांना धीर देत हिंडत असताना भिंत कोसळली आणि तो गाडला गेला. आग पुढे दोन आठवडे जळत होती. या आगीनंतर लंडनने १८६५ साली कायदा केला, आणि तोवर विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणारे दल सार्वजनिक झाले. उघड्या राहिलेल्या दाराची किंमत एवढी मोठी होती. दलाच्या प्रमुखाने स्वतः पुढे असावे आणि इमारतीने त्याला गिळावे, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली आणि इमारत ढासळली. त्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी नेले.

कापूस आणि दारूगोळा एकत्र आले तर काय होते, याचा धडा मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी घेतला. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात खाली गाठी आणि वर स्फोटके, अशी मांडणी होती. धोक्याचा लाल बावटा जहाजावर चढविलेला नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाण्याचे लोट आत सोडले गेले. पण गाठीतली आग पाण्याला कोठे दाद देते? खणात पाणी चढू लागले तशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने, सरकत गेल्या. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाची ६६ माणसे त्या दिवशी गेली. एकंदर मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत निरनिराळे दिले जातात.

या जहाजावर सोनेही होते. लगडींच्या पेट्याच होत्या. त्यातली एक लगड उडून मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. ही गोष्ट सर्वांना आवडते आणि सर्वांना ठाऊक असते. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे लगडी सापडत राहिल्या. सोन्याचा हिशेब असा बारकाईने लागत गेला. माणसांचा मात्र पाचशेच्या फरकाने राहिला. शिवाय तो काळ युद्धाचा. ही बातमी सरकारने दाबून धरली. जपान्यांच्या हातात असलेल्या सायगावच्या नभोवाणीने ती दुसऱ्या दिवशीच सांगितली. आपल्या लोकांना ती मोकळेपणी वाचायला मिळाली मे महिन्यात! त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून सप्ताहभर देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. रस्त्यावर छातीला छोटी निशाणी लावून पेटी वाजविणारे जवान दिसतात. आपण नाणे टाकतो आणि पुढे जातो. निशाणी कशाची, हे विचारायचे राहून जाते.

आता पुन्हा वर्धा जिल्ह्यात येऊ. पुलगावजवळ सुमारे ७,००० एकरांवर लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते. ३१ मे २०१६. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या एका कोठाराला आग लागली. अशा कोठाराकडे जाणे म्हणजे काय, हे त्या आवारात काम करणाऱ्यांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरी ते गेले. आणि मग स्फोट झाला. त्या दिवशी जाहीर झालेल्या आकड्याप्रमाणे १६ जण मृत्यू पावले: दोन लष्करी अधिकारी, आणि बाकी बहुतेक आग विझविण्याचे काम करणारे. जखमींपैकी काहींनी नंतर प्राण सोडला आणि आकडा १९ वर गेला. भोवतालच्या गावांतली माणसे रातोरात घरे सोडून बाहेर पडली. दारे-खिडक्या हादरल्या, काचा फुटल्या. सुरुंगांमधून स्फोटक द्रव्य झिरपत होते ही गोष्ट पुढे चौकशीतून बाहेर आल्याचे वृत्तपत्रांत आले.

वाचकहो, थोडा विचार करा. एका कोठाराची आग शेजारच्या कोठारांना लागली असती तर? ती लागली नाही, म्हणून आज पुलगाव, देवळी, आर्वीकडची माणसे निर्धास्तपणे आकाशकंदील टांगीत आहेत. न लागलेल्या आगीचे स्मारक कोणी बांधीत नाही. पण ती लागू नये म्हणून जे गेले, त्यांची नावे जिल्ह्यातल्या किती घरांत ठाऊक आहेत? मोठे पाहुणे आले, श्रद्धांजल्या झाल्या, आणि वर्षभरात बातमी रद्दीत गेली. १९४४ साली युद्धकाळाने बातमी झाकली. आपल्या काळात झाकायला कोणी लागतही नाही, आपण आपले विसरतो.

म्हणून मला वाटते, वर्ध्याला आगीच्या इतिहासाचे एक दालन शोभेल. फार मोठा वाडा नको, एक खोली पुरे. संग्रहालय कसे असावे, हे या गावाला बाहेरून शिकण्याचे कारण नाही. मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. चरखे, घाण्या, कागद करण्याची साधने तेथे मांडली गेली. ती दुर्मिळ म्हणून नाही, तर कशी चालतात हे लोकांना कळावे म्हणून. हाच नियम आगीच्या दालनालाही लावता येईल. आणि शेजारी, अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवर, नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. १९५६ साली ते रामपूरला सुरू झाले आणि १९५७ साली नागपुरास आले. सगळ्या देशाचे अग्निशमन अधिकारी जेथे शिकतात, त्या नगराच्या इतक्या जवळ राहून आपल्या जिल्ह्याच्या आगी आपल्याला ठाऊक नसाव्यात, हे काही बरे नव्हे.

त्या खोलीत काय असावे? एखादा जुना हातपंप असेल तर उत्तमच. पण त्याच्याआधी नोंदवह्या. वर्दी किती वाजता आली, बंब किती वाजता निघाला, पाणी कोणत्या विहिरीतून घेतले, आग कशाने लागली, कोणाला इजा झाली. अग्निशमन केंद्राच्या जुन्या वह्यांत हे सारे दोन-दोन ओळींत लिहिलेले असते. जागा अडते म्हणून वह्या एक दिवस तोलून विकल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर गावाची पन्नास वर्षे जातात. त्या खोलीत एक जळकी गाठ उभी चिरून ठेवावी, म्हणजे बाहेरून पांढरी आणि आतून काळी कशी असते हे शाळेतल्या मुलांना दिसेल. रेच्यात सापडलेला एक खिळा ठेवावा. निवृत्त फायरमन, जिनमधले जुने मुकादम, यांच्या तोंडच्या हकिकती टिपून घ्याव्यात. त्यांचे शब्दही टिपावेत. दलात पथकातल्या अनुभवी माणसाला 'तांडेल' म्हणतात. हा मूळचा दर्यावर्दी शब्द, गलबतावरून आगीच्या शिडीवर चढलेला. असे शब्द कोशात सापडतील. पण ते कोणत्या आवाजात हाकारले जात, हे कोशात सापडणार नाही. आणि एका भिंतीवर नावे असावीत. न्यूयॉर्कच्या अग्निशमन संग्रहालयात ११ सप्टेंबर २००१ रोजी गेलेल्या ३४३ जणांचे स्मारक उभारले गेले. येथे १९ नावे बसायला फारशी जागा लागणार नाही. दोन अधिकारी, जवान, फायरमन अशी उतरंड त्यात नसावी. ज्या क्रमाने वर्णमाला येते त्या क्रमाने ती यावीत. आगीने तरी कोठे हुद्दा विचारला होता?

हे काम सरकारने करावे, नगरपालिकेने करावे, हे तर खरेच. पण पहिली पायरी घरातली आहे. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरून जुन्या ट्रंका खाली येतात. एखाद्या ट्रंकेत काकांचा खाकी गणवेश निघतो, छातीला बिल्ला असलेला फोटो निघतो, जिनच्या आगीची बातमी छापलेले पिवळे पडलेले वर्तमानपत्र निघते. ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मागे चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोण, कोठे, कधी. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना आपल्या गावच्या आगीविषयी विचारावे आणि मुलांना ते ऐकायला बसवावे. फराळाच्या ताटावर यापेक्षा चांगली गोष्ट दुसरी कोणती?

आणि एक. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अग्निशमन केंद्रातल्या माणसांना रजा नसते. साऱ्या गावात दिवे लागतात तेव्हा ती माणसे गणवेश चढवून फोनजवळ बसलेली असतात, कारण गावातला प्रत्येक दिवा, प्रत्येक भुईनळा हा त्यांच्या दृष्टीने एक संभाव्य वर्दी असतो. यंदा मुलांना घेऊन जवळच्या केंद्रापर्यंत एक फेरी मारावी. एक डबा चिवड्याचा, एक लाडवांचा न्यावा. मुले बंबावर चढून पाहतील, शिडी मोजतील, हजार प्रश्न विचारतील. आपण फक्त त्या माणसांची नावे विचारावीत, आणि घरी येऊन ती लिहून ठेवावीत.